चार नंबरची जर्सी अन् नागपूरच्या पोट्ट्या

रमा दीदीच्या लग्नात आम्ही इतक्या नाचलो, की आपला पॉइंट चालला हे कोणाच्या ध्यानातच नाई आलं.

वरात नवरदेवाची, नाचणाऱ्या आम्ही. सदर बाजारात मागं स्कूटरवाल्यांची ही लाइन लागली, सगळे हॉर्न मारून राहिले, अन् आमची कॅप्टन पूर्णिमा दीदी बँडवाल्याची टोपी घालून रस्त्याच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी रमा दीदी गाडीत बसली, काच खाली केली अन् मले म्हणते, "देवू, आता भेटू तं समोरासमोर."

मले वाटलं रडता रडता काहीतरी बोलून राहिली. नवरदेव नागपूरचा, तिथं नोकरी, बस. मग एक दिवस पेपरात फोटो आला. रमा दीदी नागपूरच्या पिवळ्या जर्सीत, बगलेत बॉल, दात काढून हसून राहिली. तेव्हा मले ते 'समोरासमोर' कळलं.

बास्केटबॉलमध्ये पॉइंट म्हणजे जी बॉल घेऊन वर येते अन् बाकीच्या चौघींले कुठी पळायचं ते ओरडून सांगते. पॉइंट गेला का टीमची जीभ गेली.

तशी टीम आधीच अर्धी झाली होती. छत्तीसगड नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आम्ही पण फटाके फोडले. मग सरकारी लोकांची वाटणी निघाली, कोण इकडं राहणार, कोण मध्य प्रदेशात जाणार. आमच्या टीममध्ये दोघी बहिणी होत्या, डिफेन्समध्ये नुसती भिंत. त्यांच्या बाबांचं नाव भोपाळकडं निघालं. ट्रकात सामान, सामानावर त्या दोघी, अन् आम्ही खालून टाटा करून राहिलो. राज्य नवीन मिळालं, अन् आमच्या खारून क्लबची टीम होती ती पण नाई राहिली.

आता माझं सांगते. मी देवश्री. बाबा रेल्वेत, गाव मूळचं वर्ध्याकडचं, पण मी जन्मली रायपुरात. दहावीत असताना गणिताच्या मॅडमनं फळ्यावर वजाबाकी चुकवली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, खाली बस. मी म्हटलं, आधी ते पुसा. त्या म्हणाल्या, बाहेर जा. मी दप्तर घेऊनच बाहेर गेली, ते आजपर्यंत आत नाई गेली. आई म्हणते, या पोट्टीच्या नाकावर राग ठेवलेला आहे अन् डोळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचं खरं आहे. रागाचं बी खरं आहे, पण मले कोणी म्हटलं तं राग येते.

आमचा क्लब चालवतात यज्ञेश्वर काका. गोल बाजारात त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडं आलं, हे ते गिऱ्हाइकाले बी सांगतात. आम्हाले महिन्याले पैसे काकाच देतात, गावोगावी खेळायले काकाच पाठवतात. राजधानी झाली तसं त्यांनी मनावर घेतलं, की राजधानीत राजधानी कप झाला पायजे. बिलासपूर, जबलपूर, नागपूर अन् आम्ही. तर कपाच्या आधी त्यांनी मले अन् गंगाधर सरांले दुकानात बोलावलं. गंगाधर सर म्हणजे आमचे कोच. बोलतात कमी, शेंगा फोडतात जास्त.

काका एक पितळेची गुंडी उचलून बोटानं वाजवून पाहून राहिले होते. चीर असली का आवाज बसका येते.

"सर म्हणतात तुझी नजर पक्की आहे," काका म्हणाले. "आता सांग, या वर्षीची टीम कशी आहे? एकेक पोरगी सांग. खरं सांग."

खरं सांग म्हटल्यावर मी कायले थांबते!

"पूर्णिमा दीदीचे हात लोणी आहेत. तिच्या हातात बॉल आला का बास्केट झालंच समजा. पण गुडघा गेला आहे. उडी मारत नाई, नुसत्या टाचा उचलते. श्रावणी दुरून मस्त टाकते, पण समोर कोणी हात वर केला का घाबरते. शारदा धावते घोड्यासारखी अन् थांबायचं विसरते. मागच्या वेळी पाण्याच्या माठात जाऊन थांबली."

भांडी घ्यायले आलेली एक बाई हसली. मले अजून जोर चढला.

"मी धरून जी पाचवी आहे, ते बॉल आला का मलेच परत देते. अन् ती नवीन, फुलेश्वरी. महासमुंदकडची. उंची आहे, पाय आहेत, सगळं आहे, पण तिले मी काय ओरडते ते समजतच नाई. मी म्हणते मागं ये, ते पुढं जाते. तिले बसवा बाहेर."

सरांनी शेंग फोडली. "तिले मराठी येत नाई, देवश्री."

"मग शिकावं ना!"

हे इथं सांगितलं पायजे. आमची टीम कोर्टवर मराठीत बोलते. ही रमा दीदीची आयडिया. रायपुरात बाहेर सगळे हिंदी, आम्ही बी दुकानात, रिक्षावाल्यासंग, एकमेकींसंग हिंदीच बोलतो. मराठी घरात, स्वयंपाकघरात. म्हणून दीदी म्हणायची, कोर्टवर मराठी बोला, समोरच्यांले काय कळते! अन् खरंच. भिलाईच्या पोट्ट्यांसमोर आम्ही "उजवीकडून घुस, ती लंगडी आहे" असं मोठ्यानं ओरडायचो अन् त्या नुसत्या पाहत राहायच्या.

"अन् तू?" काका म्हणाले. "तू कशी आहेस?"

"मी सगळ्यात चांगली आहे."

"आवाज तर मोठा आहे," काका म्हणाले अन् गुंडी खाली ठेवली. "हे बघ बेटा. चार नंबरची जर्सी रमाची होती. या कपापुरती ती तुझी. इंदूरच्या एका मुलीशी माझं बोलणं झालं आहे. नॅशनल खेळलेली आहे, तयार पॉइंट आहे. नागपूरला हरवलंस तर पॉइंट तूच. नाही हरवलंस तर ती येईल, आणि तू बाहेर बसून शिक. कबूल?"

माझ्या कानातून वाफ निघाली असेल. पण सरांनी माझ्या चपलेवर हळूच पाय ठेवला होता.

"कबूल," मी म्हटलं. "तिले सांगून ठेवा, तिकीट नको काढू."

घरी येऊन सांगितलं तं आई म्हणे, "बाहेर बसणारच आहेस तं पुस्तक घेऊन बस, दहावी तरी होईल." म्हणजे हरली तं दोन्हीकडून फसली.

मग मी कामाले लागली. बाकीच्या टीमा आल्या का त्यांची प्रॅक्टिस समता कॉलोनीतल्या ग्राउंडवर व्हायची. ग्राउंडले लागून एका दातांच्या डॉक्टरचं क्लिनिक आहे, त्याची गच्ची एकदम बढिया. डॉक्टरले म्हटलं, "भैया, वरती कबुतरं पाहायची आहेत." तो म्हणे, "कबूतर पीली जर्सी में आए हैं क्या?" पण जाऊ दिलं.

बिलासपूर पाहिलं. त्यांची पॉइंट पास द्यायच्या आधी जमिनीकडं पाहते, जशी चिल्लर पडली आहे. संपलं. जबलपूर पाहिलं. त्यांची सगळ्यात उंच पोट्टी फक्त डाव्या बाजूनंच वळते. तिच्या डाव्या बाजूले उभं राहिलं का ती बिचारी स्टुलासारखी एका जागी. त्या दोन्ही टीमांले आम्ही आरामात हरवलं. मी कोर्टवर मराठीत ओरडत होती, पब्लिक टाळ्या वाजवत होतं, अन् काका पहिल्या लाइनीत बसून मान हलवत होते. बाकी राहिलं नागपूर.

नागपूर पाहिलं अन् मी कठड्यावरून अजून पुढं वाकली. एकेक पोट्टी खांबासारखी. एक बॉबकटवाली होती, तिचे हात इतके लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवत होती. अन् मध्ये रमा दीदी. तिले मंगळसूत्र टेपनं चिकटवावं लागे, बाकी काई फरक नाई. तीच वाकडी मान, तोच पास, पाठीमागून. अन् तिची नजर! ती बॉलकडं पाहतच नाई, समोरचीच्या डोळ्यात पाहते. मलेही तिनंच शिकवलं होतं ते.

मी गच्चीवर कान लावून बसली. सगळ्या हिंदीत बोलून राहिल्या होत्या. "इधर दे ना यार." "अरे स्विच कर." कोच बी हिंदी. बॉबकटवालीनं तं भेळवाल्यासंग दहा मिनिटं हिंदीत भांडण केलं, मिरची जास्त टाकली म्हणून. मराठीचा एक शब्द नाई. मी खुश होऊन खाली उतरली.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांले गोल बसवलं. शारदा म्हणे, "रमा दीदीले तं आपली मराठी कळेल ना?"

"तिले एकटीले कळेल," मी म्हटलं. "पळता पळता ती किती जणींले समजावून सांगणार? तोपर्यंत आपलं बास्केट झालं असते. बाकी सगळ्या हिंदीवाल्या आहेत."

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पण देवश्री, नागपूर आहे ते."

"सर, मी माझ्या कानानं ऐकलं! मले नाई माहीत का नागपूर कुठी आहे?"

"बरं बाप्पा," सर म्हणाले. "पॉइंट तू आहेस."

फुलेश्वरी कोपऱ्यात बसून बुटाची नाडी बांधून राहिली होती. खेळाचं बोलणं आम्ही मराठीतच करायचो, म्हणून तिले यातलं काई समजलं नाई. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं अन् म्हटलं, "खेलबो ना?"

"हव," मी म्हटलं, "खेलबो." शारदाचा पाय मुरगळून मोच आली होती, म्हणून हिले पाचात घ्यावंच लागत होतं. नाईतर मी कायले घेते.

फायनलच्या दिवशी ग्राउंड भरून गेलं. भिंतीवर पोट्टे, झाडावर पोट्टे, डॉक्टरच्या गच्चीवर त्याचे पेशंट, एक तं गाल सुजलेला घेऊन शिट्ट्या मारून राहिला होता. यज्ञेश्वर काका पहिल्या लाइनीत. आई बी आली होती, म्हणे सहज आली.

शिट्टी वाजली. बॉल माझ्या हाती आला. मी वर आली, समोर रमा दीदी. तिनं डोळा मारला. मी पाहिलंच नाई असं केलं अन् पूर्ण ताकदीनं ओरडली, "श्रावणी, मागून ये! तिचं ध्यान नाई!"

श्रावणी मागून आली. अन् बॉबकटवाली बरोबर तिच्या रस्त्यात जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवला अन् माझ्याकडं पाहून म्हणते, "ये ना माय, ये. मी इथंच उभी आहे. ध्यान बी आहे."

मी बॉल हातात घेऊन तशीच उभी. "तुले मराठी येते?"

"मले? माझी आजी काटोलची, मी नागपुरात महाल भागातली. मले नाई येणार तं कोणाले येणार?"

तेवढ्यात माझ्या हातातून बॉल गेला. रमा दीदीनं नेला, जाता जाता हसून हसून तिले नीट पळता बी येत नव्हतं, तरी बास्केट केलंच. परत येताना माझ्या बाजूनं जात म्हणते, "देवू, नागपूरच्या पोट्ट्या आहेत त्या! बाहेर हिंदी, घरात मराठी. तुझ्यासारख्याच गं!"

मले एकदम सगळं दिसलं. मी भेळवाल्यासंग कोणत्या भाषेत बोलते? हिंदी. मग ती बी हिंदीच बोलणार ना! दुनियेत कोणी बी ही गलती केली नसती, फक्त रायपूरची मराठी पोट्टीच करू शकते.

त्याच्यानंतर तमाशा झाला. मी म्हटलं "उजवीकडून", त्या उजवीकडं. मी म्हटलं "पूर्णिमा दीदी, आत", तं आत तिघी. गप्प राहावं तं आमच्या पोट्ट्यांले माझा आवाज ऐकल्याशिवाय पळताच येत नाई, तशी सवय पडलेली. मग बॉबकटवाली माझ्याआधीच ओरडायले लागली, "श्रावणी, मागून ये गं!" अन् आमची श्रावणी खरंच गेली. पब्लिकमध्ये मराठी समजणारे होते ते पोट धरून हसून राहिले, अन् बाजूच्यांले हिंदीत समजावून सांगून राहिले, म्हणजे सगळं ग्राउंड दोन दोनदा हसलं.

मी बॉल आपटला. इतक्या जोरात, की तो रेफरीच्या डोक्यावरून गेला. रेफरीनं शिट्टी मारली, टेक्निकल फाऊल. "बेटी, एक और किया तो बाहर." रमा दीदीनं तो फ्री थ्रो टाकला, बिलकुल मधोमध. मी काकांकडं पाहिलं. काका माझ्याकडं पाहत नव्हते. ते बाजूच्या माणसासंग बोलून राहिले होते, अन् मले पक्कं वाटलं की त्यात इंदूर हा शब्द आहे.

हाफ टाइमले आम्ही अकरानं मागं. पूर्णिमा दीदी गुडघ्यावर बर्फ लावून बसली. म्हणे, "हिंदीत बोलायचं का?"

"त्यांले हिंदी येते."

"इंग्रजीत?"

"आपल्याले येत नाई," श्रावणी म्हणाली.

सरांनी मले काईच म्हटलं नाई. शेंगांचा पुडा माझ्यासमोर धरला. ते बोलले असते तं मी भांडली असती. शेंगा दिल्या म्हणून रडू आलं. शेंगा खाता खाता मी कोर्टकडं पाहत बसली अन् अख्खा पहिला हाफ मनात परत चालवला. श्रावणीचा रस्ता बंद. पूर्णिमा दीदीचा बंद. मग आपले जे पॉइंट झाले ते कोणी केले?

"फुलेश्वरी," मी म्हटलं. "आपले जवळजवळ सगळे बास्केट फुलेश्वरीनं केले!"

खरंच. एकीनंच. नागपूरच्या चौघी आमच्या चौघींच्या आधी पोहोचून राहिल्या होत्या, पण फुलेश्वरीच्या आधी कोणीच नाई. मी तिच्यासमोर जाऊन बसली. "तोला कैसे पता चलथे कहाँ जाना हे?" माझी छत्तीसगडी अशीच, अर्धी कच्ची.

ती लाजली. "मैं तोर बोली नइ समझंव. तोर आँखी ला देखथंव. जेती तैं देखथस, ओती भागथंव."

पूर्णिमा दीदी म्हणे, "काय म्हणते?"

"म्हणते, मले तुझी भाषा समजत नाई, मी तुझे डोळे पाहते. तू जिकडं पाहते तिकडं मी पळते."

 या पोट्टीले मी महिनाभर 'मागं ये, मागं ये' म्हणून शिव्या घातल्या होत्या. काकांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, हिले बसवा बाहेर. माझा आवाज जिच्या कानात शिरत नाई अशी एकच पोट्टी आमच्याकडं होती, अन् तीच वाचली होती.

"सर," मी म्हटलं, "मी मराठीतच ओरडणार. अजून जोरात ओरडणार. श्रावणी, पूर्णिमा दीदी, तुम्ही दोघी मी जे म्हणीन ते खरं समजून पळा. जीव तोडून पळा. बॉल तुम्हाले मिळणार नाई."

"मग पळायचं कायले?" श्रावणी म्हणे.

"त्या तुमच्या मागं येतील म्हणून! अन् फुलेश्वरी, तैं मोर आँखी ला देख. बस."

"हव," ती म्हणाली.

दुसरा हाफ सुरू झाला अन् मी गळा फाडला. "श्रावणी, मागून ये!" बॉबकटवाली हसत हसत श्रावणीच्या रस्त्यात. मी तोंड श्रावणीकडं ठेवून डोळे दुसऱ्या कोपऱ्यात फिरवले. तिथं फुलेश्वरी पोहोचलेली. बास्केट. "पूर्णिमा दीदी, आत!" तिघी आत. डोळे बाहेर, फुलेश्वरी बाहेर, बास्केट. "उजवीकडून!" बास्केट डावीकडून. मले इतकं हसू यायले लागलं की ओरडता येईना. मी मग काई बी ओरडली. "दीदी, गॅस बंद कर!" त्यांची एक पोट्टी खरंच एका सेकंदासाठी थांबली.

"अबे, ही खोटं बोलून राहिली!" बॉबकटवाली चिडून म्हणाली.

"सिद्ध कर," मी म्हटलं.

अकराचे सात झाले, सातचे तीन. भिंतीवरच्या पोट्ट्यांनी "फू-ले-स-री, फू-ले-स-री" सुरू केलं. गाल सुजलेल्या पेशंटची शिट्टी बंदच होत नव्हती. अन् मग, शेवटचं मिनिट आलं असेल, आम्ही एका पॉइंटनं मागं, तेव्हा रमा दीदीनं टाइमआउट घेतला. मी दुरून पाहिलं. ती तिच्या पोट्ट्यांले बोटानं आधी कान दाखवून राहिली होती, मग नाई नाई असा हात. मग बोटानं डोळे.

मले कळलं. ती म्हणून राहिली, देवूचं ऐकू नका. देवूचे डोळे पाहा. तीच तं माझी मास्तर.

वाटलं, संपलं. इंदूरची पोट्टी माझी जर्सी घालून येईल, अन् मी दहावीचं पुस्तक घेऊन बाहेर बसीन. राग आला. पण या वेळी राग डोक्यात गेला नाई, पायात गेला. मी बॉल घेऊन वर आली. समोर रमा दीदी, माझ्या डोळ्यात डोळे घालून, पापणी बी हलवत नाई.

मी ओरडली, "पूर्णिमा दीदी, आत! बॉल तुलेच देऊन राहिली, आईची शपथ!"

बॉबकटवाली खदखदून हसली. "हव, दे!" अन् जागची हललीच नाई. मी डोळे फाडून फुलेश्वरीकडं पाहिलं. फुलेश्वरी सुटली, गोळीसारखी. रमा दीदी तिच्या मागं. बॉबकटवाली तिच्या मागं. अजून एक तिच्या मागं. पूर्ण नागपूर महासमुंदच्या मागं पळून राहिलं.

अन् पूर्णिमा दीदी आत एकटी. हात समोर करून उभी, जशी प्रसादाले उभी आहे. मी न पाहता बॉल दिला. तिनं उडी नाई मारली, तिच्याच्यानं होतच नाई, नुसत्या टाचा उचलल्या. बॉल रिंगमागच्या बोर्डले लागला, रिंगवर बसला, विचार केला, अन् आत गेला.

शिट्टी.

त्याच्यानंतरचं मले तुकड्या तुकड्यात आठवते. शारदा मोच विसरून कोर्टवर धावत आली अन् थांबायचं विसरून सरांले जाऊन भिडली, सरांच्या शेंगा आकाशात. फुलेश्वरीले पोट्ट्यांनी खांद्यावर घेतलं, तं ती वरून ओरडून राहिली, "मोला उतारो, मोर बूट गिर गे!" आई भिंतीजवळ उभी राहून कोणत्या तरी अनोळखी बाईले सांगून राहिली होती, "ते चार नंबरची माझी."

रमा दीदीनं माझा कान पकडला. "आईची शपथ घेऊन खोटं बोलते?"

"खरं बोलली होती, दीदी! तेवढंच एक खरं बोलली!"

तिले हसू आलं ते थांबेचना. टेप निघून मंगळसूत्र बाहेर लटकून राहिलं होतं. "अन् मी डोळे पाहत बसली," ती म्हणाली. "मीच शिकवलेले डोळे." बॉबकटवाली आली, माझ्या पाठीत एक धपका घातला अन् म्हणे, "पुढच्या वेळी आम्ही कानात कापूस घालून येतो."

काका लोकांमधून रस्ता काढत आले. मी आधीच बोलली, कारण थांबणं मले जमत नाई. "काका, तिले नको म्हणून फोन करा. इंदूरवालीले."

"ती तर येणार," काका म्हणाले. "परवा गाडीत बसते आहे. मी शब्द दिला आहे."

माझं डोकं फिरलं. "अन् तुम्ही जो मले शब्द दिला तो? मी हरवलं ना नागपूरले? सगळ्यांसमोर हरवलं! तुमचं घराणं भोसल्यांपासून शब्द देऊन राहिलं ना?"

 सर माझ्या बुटावर पाय ठेवायले आले, पण पोहोचले नाई. काका जोरात हसले.

"अगं, तुझ्या जागी नाही येणार ती. पॉइंट तूच, जर्सी तुझी. पण पूर्णिमाचा गुडघा पाहिलास ना? शारदाचा पाय पाहिलास? एवढ्या पोरींवर वर्ष निघणार आहे का? ती तुझ्या मागं बसेल. तू दमलीस की खेळेल. तू भांडलीस की पण खेळेल."

माझ्याजवळ भांडायले काई उरलंच नाई. फार विचित्र वाटलं.

"आणि ह्या फुलेश्वरीला बाहेर बसवायचं म्हणत होतीस ना?" काका म्हणाले.

"मी? मी नाई म्हटलं. म्हणजे म्हटलं. पण मी गच्चीवरून नागपूर पाहत बसली, घरात पाहायचं राहून गेलं."

"मग इंदूरवालीला घ्यायला स्टेशनवर तूच जा. आणि भांडू नकोस."

"नाई भांडत," मी म्हटलं. "फक्त डब्यातून उतरताना कोणता पाय आधी टाकते ते पाहून येते."

मग आम्ही सगळ्या, दोन्ही टीमा, गुपचुपवाल्याच्या, म्हणजे पाणीपुरीवाल्याच्या, ठेल्यावर गेलो. बॉबकटवाली त्याले हिंदीत सांगायले लागली, मिरची कम. मी मध्ये पडली अन् म्हटलं, "भैया, इनको मिरची डबल," अन् तिनं मले माझ्या घरच्यासारख्या मराठीत अशी शिवी दिली, की रमा दीदीच्या तोंडातलं पाणी नाकातून बाहेर आलं.